रूपकुंडची हाडं: कोडं सुटलं म्हणता म्हणता तीन झाली

अर्ध्या_वाटेवरचा

घर बदलतोय. माळ्यावरून एक जुना बुटांचा खोका निघाला आणि त्यात 2009 च्या रूपकुंड ट्रेकचे फोटो. दोन दिवस आवराआवर बंद आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात त्रिशूळ पर्वताच्या कुशीत 5,029 मीटरवर हे कुंड आहे. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर थोडं उरतं. कुंड म्हणजे काय, जेमतेम 40 मीटर रुंदीचा खळगा, वर्षातला बहुतेक काळ गोठलेला. भाद्रपद-आश्विनात बर्फ वितळला की काठावर आणि पाण्यात माणसांची हाडं दिसतात. एक-दोन नाहीत, निदान तीनशे माणसांची, काहींच्या मते आठशेपर्यंत. 1942 साली मधवाल नावाच्या वनरक्षकाला ती दिसली. युद्धाचे दिवस, त्यामुळे इंग्रज सरकारला आधी जपानी सैनिकांचा संशय आला. पण हाडं जुनी होती.

आम्ही गेलो तेव्हा गाईडने सांगितलेली गोष्ट होती गारपिटीची. इसवी सन 850 च्या आसपास यात्रेकरूंचा जथा, वरून चेंडूएवढ्या गारा, सगळे एका दिवसात गेले. मी ती गोष्ट घरी येऊन शंभर जणांना ऐकवली. आता परत वाचायला बसलो तर कळलं की 2019 च्या डीएनए अभ्यासाने ती पार उलटीपालटी केली आहे. 38 जणांचा डीएनए पाहिला. 23 जण दक्षिण आशियातले, साधारण सातव्या ते दहाव्या शतकातले. पण 14 जण भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे, आजच्या क्रीट आणि ग्रीसच्या लोकांशी सगळ्यात जवळचे, आणि तेही 1800 च्या सुमाराचे! वर एक जण आग्नेय आशियातला, तोही त्याच सुमाराचा.

म्हणजे पेशवाईच्या शेवटाला चौदा ग्रीकसदृश माणसं गढवालात इतक्या उंचावर काय करत होती? आणि कुणाच्या कागदात कशी नाहीत? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडीसाखर

वाचनखूण साठवली आहे. रात्री वाचणार नाही.

गण्या_बोरिवलीकर

सोपं आहे. सिकंदराच्या सैन्यातले चौदा जण रस्ता चुकले. गूगल मॅप नव्हता. विचारायला लाज वाटली. पुरुष असणार.

हाडवैद्यीण

गण्या, त्या 38 मध्ये 15 बायका आहेत.

आणि सिकंदराची शंका अभ्यास करणाऱ्यांनाही आली होती. सिकंदरानंतर वायव्येत झालेल्या इंडो-ग्रीक राजवटींच्या वेळी आलेल्यांचे वंशज असते तर दोन हजार वर्षांत इथल्या लोकांशी सरमिसळ झालेली डीएनएत दिसली असती. तशी ती नाही. ही माणसं स्वतःच तिकडून आलेली दिसतात. हाडांमधल्या कार्बन-नायट्रोजनवरून आहाराचा अंदाज येतो, तोही दोन्ही गटांचा वेगळा. भारतीय गटातल्यांचं खाणं एकसारखं नाही, काहींच्या खाण्यात ज्वारी-बाजरीच्या जातीची धान्यं बरीच. परदेशी गटात ती जवळजवळ नाहीत, गहू-जव-तांदूळ या वळणाचं खाणं. मासळीची खूणही नाही, म्हणजे क्रीटसारख्या बेटाच्या किनाऱ्यावर वाढलेले हे नसावेत.

(मी पुण्यात पुरातत्त्व शिकले, आता बँकेत आहे. तेव्हा चुकलं तर ओरडा, पण हळू.)

तात्या_तर्कटे

या असल्या संशोधनावर माझा फारसा विश्वास नाही. 2004 साली याच हाडांवरून पेपरात मोठ्ठं छापून आलं होतं की ही मंडळी कोकणस्थ ब्राह्मण! आमच्या वाड्यात पेढे वाटायचे बाकी होते. आता म्हणे ग्रीक. आणखी दहा वर्षांनी एस्किमो म्हणतील.

गण्या_बोरिवलीकर

कोकणस्थच असणार हो. गारा फुकट पडत होत्या म्हणून वेचायला थांबले.

चिपळूणची_चित्पावन

ठ्ठो! आणि नाहीत मी असं म्हणत नाही, पण आमचे असते तर निदान परतीच्या खर्चाचा हिशेब सापडला असता.

संपादक_मंडळ

जातीवरचे विनोद इथेच थांबवूया. चित्पावन यांनी स्वतःवर केलेला चालेल.

हाडवैद्यीण

तात्याकाका, तुमचा राग रास्त आहे, पण त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. 2004 ला एका वाहिनीसाठी मोहीम गेली, त्यात आपल्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे होते. डीएनएचं काम हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत झालं. तेव्हा हाती होता तो मुख्यतः आईकडून येणाऱ्या डीएनएचा तुकडा, आणि त्यातले काही बदल कोकणस्थांमध्ये आढळतात तसे दिसले. आता आईच्या बाजूची एखादी खूण जुळणं म्हणजे जात जुळणं नव्हे. आजीची नथ सारखी असली म्हणून दोन घरं भावकीतली ठरत नाहीत, तसं. पेपरांनी मात्र सरळ गोत्र लावून टाकलं.

पुढे त्याच सीसीएमबीच्या थंगराज आणि सहकाऱ्यांनी 72 सांगाड्यांचा तो आईकडचा डीएनए तपासला, तेव्हा पहिल्यांदा शंका आली की यात पश्चिमेकडचे लोक मिसळलेत. मग पूर्ण जनुकसंच वाचला. त्या 2019 च्या निबंधात डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठीही आहेत. म्हणजे आधीचं खोडून काढणारे कुणी परके नव्हते, बरेचसे त्याच घरचे.

मराठवाड्याचा_म्हाद्या

गारपिटीची गोष्ट इतक्या लवकर मोडीत काढू नका राव.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आम्ही भोगली आहे. दुपारचे चार वाजले असतील, आभाळ आधी हिरवट झालं, मग आवाज आला. पाऊस येताना येतो तसा नाही, ट्रकमधून खडी ओतल्यासारखा. मी हरभऱ्यात होतो, जवळ झाड नाही, गोठा अर्धा फर्लांग. घमेलं डोक्यावर उलटं धरून पळालो. घमेल्याला पोचे पडले. पकडलेल्या बोटांवर गारा बसल्या, दोन नखं काळी पडून गेली. शेजारच्याच्या तीन मेंढ्या जागच्या जागी मेल्या. सकाळी झाडाखाली साळुंक्यांचा सडा. आणि ह्या गारा म्हणजे लिंबाएवढ्या, चेंडूएवढ्या नव्हेत.

त्या कुंडाचे फोटो बघितले. चारी बाजूंनी वर चढलेला उतार, आडोसा शून्य. तिथं सापडलात तर संपलंच.

बखरवाचक

म्हाद्याशी सहमत. नोंदलेली उदाहरणंही आहेत. 30 एप्रिल 1888 ला मुरादाबादेत गारपिटीने 246 माणसं मेली, आणि तीही सपाटीवर, शहराजवळ.

हाडवैद्यीण

म्हाद्या, अंगावर काटा आला.

गार कुणाला लागलीच नसेल असं कुणी म्हणत नाही. वाळिंबेंनी ज्या कवट्या पाहिल्या त्यांवर वरून आलेल्या गोल, बोथट वस्तूच्या माराच्या खुणा होत्या, हत्याराच्या नव्हेत. पण न भरून आलेली अशी फ्रॅक्चरं तीन जणांतच नीट नोंदलेली आहेत. तीन कवट्यांवरून तीनशे माणसं एका दुपारी मेली असं म्हणता येत नाही. शिवाय भारतीय गटाच्या तारखाच एका वर्षाच्या नाहीत, शतकांचं अंतर पडतं. म्हणजे तिथे माणसं अनेकदा मेली आहेत. एखाद्या वेळी गारांनी, एखाद्या वेळी थंडीने. साथीचा रोग म्हणावा तर जंतूंच्या डीएनएचा शोध घेतला, सापडला नाही.

तात्या_तर्कटे

मग प्रयोगशाळेत खोकी बदलली असतील. झालं ना स्पष्टीकरण. चौदा ग्रीक हिमालय चढून गेले, यापेक्षा चौदा लेबलं चुकली हे मला जास्त पटतं.

अर्ध्या_वाटेवरचा

पण तात्या, डीएनए, तारीख, आहार, तिन्ही तपासण्या एकमेकींशी जुळतात की!

तात्या_तर्कटे

अरे बाबा, खोकंच दुसरीकडचं असेल तर तिन्ही तपासण्या जुळणारच. शंभर तपासण्या कर, शंभर जुळतील. डोकं वापर.

हाडवैद्यीण

काका, हा मुद्दा बिनतोड आहे. मान्य. पण मग उलट प्रश्न येतो: भारतातल्या संग्रहात 1800 च्या आसपासच्या, पूर्व भूमध्यातल्या, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या चौदा बायका-पुरुषांच्या हाडांचं खोकं आलं कुठून? तेही कोडंच. आणि त्या आग्नेय आशियातल्या एकट्याचं काय? त्याचंही वेगळं खोकं?

पॉपकॉर्नवाला

तात्या विरुद्ध ताई. मी पुढच्या रांगेत बसलोय.

देहरादूनची_मावशी

वीस वर्षं इकडे आहे, म्हणून चार शब्द.

तुम्ही सगळे डीएनए-डीएनए करताय, इथल्या बायकांना विचारा, त्यांना हाडांचं आश्चर्य नाही. नंदादेवी ही गढवालची लेक, शंकराला दिलेली. दर बारा वर्षांनी राजजात (जात म्हणजे इथे यात्रा) निघते ती तिला सासरी पोचवायला. नौटी गावातून निघते, पुढे चार शिंगांचा मेंढा चालतो, पाठीवर नंदेच्या माहेरची देणी. वाण हे शेवटचं गाव. मग बेदनी बुग्याल (बुग्याल म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण), पातर नचौनी, कैलू विनायक, रूपकुंड, ज्युंरागलीची खिंड आणि होमकुंड. होमकुंडाहून मेंढा एकटा सोडून देतात. 2014 च्या जातेत वाणपर्यंत गेले होते. बायका इतक्या रडत होत्या की मला आपल्या गौरी उठतात तो दिवस आठवला, फक्त इथे दहापट.

गोष्ट अशी सांगतात: कनौजचा राजा जसधवल जातेला आला, बरोबर गरोदर राणी आणि नाचणाऱ्या बाया. पवित्र वाटेवर नाच झाला म्हणून त्या बाया खड्ड्यांत गाडल्या गेल्या, म्हणून ती जागा पातर नचौनी. राणी वाटेत बाळंत झाली. देवी कोपली आणि लोखंडासारख्या गारा पाडल्या. गाण्यात तसंच आहे, लोखंडासारख्या. गार आधी गाण्यात होती, कवट्यांवर नंतर सापडली.

बखरवाचक

मावशी, सुंदर. आणि हे निव्वळ दंतकथेवर सोडायचं कारण नाही. जातेची भरवशाची वर्णनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली असली तरी आसपासच्या देवळांतले आठव्या ते दहाव्या शतकातले लेख यात्रा जुनी असल्याचं सुचवतात. भारतीय गटाच्या तारखांशी ते बसतं. एकमेकांचे नातलग नसलेले, देशाच्या वेगवेगळ्या भागांतले स्त्री-पुरुष एका वाटेवर कुठे भेटतात? यात्रेत. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या कुठल्याही 23 जणांचा डीएनए काढा, तसंच निघेल.

ही हाडं जम्मूच्या जनरल झोरावरसिंगच्या फौजेची, ही जुनी थिअरी मात्र सोडून द्या. तो 1841 च्या डिसेंबरात तिबेटात पडला, कुंड परतीच्या वाटेवर नाही, आणि फौजेत इतक्या बायका कशा?

गण्या_बोरिवलीकर

मग ग्रीक लोकही जातेला आले होते का? "चला हो, नंदाबाईला पोचवून येऊ."

बखरवाचक

हसण्यावारी नेऊ नका, कारण ग्रीक माणूस त्या काळी हिंदुस्थानात होता. दिमित्रिओस गालानोस, जन्म अथेन्सचा, 1760 चा. कलकत्त्यातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायला आला, तिथून काशीला गेला आणि चाळीस वर्षं तिथेच राहिला. पंडितांकडे संस्कृत शिकला, गीता ग्रीकमध्ये नेली, 1833 ला काशीतच वारला. कलकत्ता-ढाक्याला ग्रीक व्यापाऱ्यांची वस्ती, चर्च, सगळं होतं. तेव्हा ग्रीस तुर्की सुलतानाच्या राज्यात, म्हणजे हे लोक कागदोपत्री ग्रीक म्हणून नव्हे तर वेगळ्याच नावाने नोंदले गेले असू शकतात.

पण गालानोस काशीत सापडतो कारण तो लिहीत होता. हे चौदा कुणीच लिहिणारे नव्हते का?

हाडवैद्यीण

एक गोष्ट राहिली. "1800" ही तारीख म्हणून घेऊ नका. हाडांचं वय मोजायचं कार्बन-14 चं घड्याळ शेवटच्या तीनशे वर्षांत डुलतं. हवेतलं त्याचं प्रमाण त्या काळात असं वरखाली झालं की एकाच मोजमापाला दोन-तीन वेगवेगळी उत्तरं येतात. त्यामुळे खरी कक्षा सतराव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत पसरते. पेशवाईचा शेवट शोधू नका, शिवकाळ ते टिळककाळ सगळं चाळावं लागेल.

बखरवाचक

तुम्ही माझी पुढची तीस वर्षं वाया घालवलीत ताई.

खडीसाखर

रात्रीच वाचलं. आता झोप नाही. थोडं अवांतर: पंजाबात अजनाल्याच्या विहिरीतली हाडं यापेक्षा लवकर ओळखली गेली ना?

बखरवाचक

अवांतर नाही, चांगली तुलना आहे. अजनाल्यात 1857 च्या ऑगस्टात बंड केलेल्या 26 व्या पलटणीच्या 282 शिपायांना मारून विहिरीत टाकलं. 2014 ला विहीर उकरली. काहींचं म्हणणं, ही फाळणीतली हाडं. 2022 ला डीएनए आणि दातांचा अभ्यास आला: माणसं गंगेच्या खोऱ्यातली, बंगाल-बिहार-ओडिशा-पूर्व उत्तर प्रदेशकडची. पलटणीशी जुळलं. पण जुळवायला कागद होता! मारणारा डेप्युटी कमिशनर कूपर याने स्वतःच पुस्तकात अभिमानाने लिहून ठेवलं होतं. रूपकुंडला कुणी मारणाराच नाही, मग लिहिणार कोण.

हाडवैद्यीण

आणि कागद नसला तरी हाडं जागेवर असली की बोलतात. आपल्याच घोड नदीकाठी, शिरूरजवळ इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं घराच्या जमिनीखाली मिळाली. लहान मुलं दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून. मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. नावं ठाऊक नाहीत, पण आई-बापांनी मूल घराबाहेर जाऊ दिलं नाही हे कळतं. कारण कुणी हात लावला नव्हता. रूपकुंडला उतारावरून दगड आणि हिमलोट येतात, हाडं घरंगळतात. आणि त्यापेक्षा जास्त नुकसान ट्रेकर लोकांनी केलं. हाडं गोळा करून ढीग रचले, कवटी हातात धरून फोटो, खिशात घालून घरी. चामड्याच्या चपला, अंगठ्या, लाकडी वस्तू कुणाशेजारी होत्या ते आता कोण सांगणार? चौदा जणांच्या शेजारी एक जरी नाणं जागेवर सापडलं असतं तर हा धागा निघालाच नसता.

म्हातारा_गिर्यारोहक

खरं आहे. आमच्या काळात कवटीबरोबर फोटो म्हणजे ट्रेकचं सर्टिफिकेट. आज लाज वाटते. 2018 ला न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचे तंबू बंद केले, तेव्हा पोरं हळहळली. मी म्हटलं, उशीरच झाला.

अर्ध्या_वाटेवरचा

आता खरं सांगतो. त्या खोक्यात फोटोंबरोबर एक काडेपेटीही होती. तिच्यात हाडाचा तुकडा आहे, बोटाच्या पेराएवढा. 2009 ला कुंडाच्या काठावर वाकून बुटाची नाडी बांधत होतो, समोर होता, उचलला. चोवीस वर्षांचा होतो, एवढंच कारण आहे. नंतर विसरलो, म्हणजे विसरल्यासारखं केलं. धागा काढला तो ग्रीकांसाठी नाही. माझ्या काडेपेटीत कोण आहे ते विचारायला काढला.

गण्या_बोरिवलीकर

...

(पहिल्यांदाच काही सुचत नाहीये.)

तात्या_तर्कटे

हरिद्वारला जा, गंगेत सोड, अंघोळ कर, मोकळा हो.

बखरवाचक

आणि तो चौदांपैकी निघाला तर? एखादा ख्रिस्ती, एखादा मुसलमान? त्याला पुरायला हवं. गंगा त्याच्यासाठी नुसती नदी.

मराठवाड्याचा_म्हाद्या

जिथून आणला तिथंच ठेवून ये. दुसऱ्याच्या बांधावरचा दगड उचलला तरी परत ठेवतो आपण.

हाडवैद्यीण

परत न्यायची घाई नको, तिथे टाकला तर तो पुन्हा ढिगाऱ्यात जाईल. आधी बसून लिही: कोणत्या तारखेला, कुंडाच्या कोणत्या बाजूला, पाण्यापासून किती अंतरावर. तेव्हाच्या फोटोत ती जागा असेल तर तो फोटो सोबत ठेव. हाड धुऊ नकोस, त्यावर काही लावू नकोस. मग पुरातत्त्व शिकवणाऱ्या कुठल्याही विभागाला सरळ पत्र लिही. ओरडतील. ऐकून घे. आणि एवढ्याशा तुकड्यावरून तो कुणाचा ते कळेलच असं नाही.

देहरादूनची_मावशी

रागावू नका रे त्याला. कुणीतरी सांगितलं तरी.

अर्ध्या_वाटेवरचा

जागा लिहून काढली. कुंडाची ज्युंरागलीकडची बाजू, फोटोत माझा बूट आणि पाण्याची कड दिसते. पत्र आज टाकलं.

आईलाही सांगितलं. वाटलं होतं घराबाहेर काढेल. तिने पहिलं विचारलं, "बाई होती की बाप्या?" म्हटलं, माहीत नाही. "कुठली?" माहीत नाही. "कधी गेली?" माहीत नाही, हजार वर्षांचा फरक पडू शकतो. तेव्हा म्हणाली, तिथी माहीत नाही ना, मग सर्वपित्री अमावस्या. उत्तर येईपर्यंत काडेपेटी पांढऱ्या फडक्यात बांधून तिच्या कपाटात आहे आणि यंदा एक पान जास्त वाढणार आहे.

गण्या_बोरिवलीकर

आणि माणूस ग्रीक असला तर पानात काय वाढणार काकू?

अर्ध्या_वाटेवरचा

मीही हेच विचारलं. म्हणाली, मासे खात नव्हता असं तुझी ती बँकेतली ताई सांगते ना? मग गव्हल्यांची खीर चालेल.